जुनी स्पोर्ट्स कार घेताना काय तपासावे : आधी पत्रा, मग कागद, इंजिन त्यानंतर

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे की, १९६० ते १९८० या काळातील दोन आसनी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आपल्याला घ्यायची आहे. एक गाडी आपण पाहूनही ठेवली आहे. तिचा रंग आरशासारखा चकचकीत आहे, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होते आणि तीन वर्षांपूर्वी तिचे संपूर्ण नूतनीकरण झाल्याचे विक्रेता सांगतो. तेव्हा आणखी तपासायचे ते काय? तीस वर्षांहून अधिक काळ अशा गाड्या उघडण्यात आणि पुन्हा जोडण्यात घालवल्यानंतर मला एवढे नक्की सांगता येते की, या तीन गोष्टींवरून गाडीची खरी अवस्था जवळजवळ काहीच कळत नाही. रंग वरून मारता येतो, बॅटरी ताजी आणि कार्ब्युरेटर नीट जुळवलेला असला की झिजलेले इंजिनही पटकन सुरू होते, आणि ‘नूतनीकरण’ या शब्दात प्रत्येक नट-बोल्ट सोडवून केलेल्या दोन वर्षांच्या कामापासून नुसत्या नव्या सीट-कव्हरांपर्यंत काहीही बसते.

बहुतेक नवे ग्राहक आधी बॉनेट उघडतात. मी मात्र आधी जमिनीवर आडवा होतो. याचे कारण केवळ खर्चाचे आहे. साध्या चार सिलिंडरच्या इंजिनाचे काम हे मोजता येण्यासारखे काम असते. कोणते सुटे भाग लागतील, किती दिवस लागतील आणि किती पैसे जातील हे कोणताही जाणकार मेकॅनिक आधीच सांगू शकतो. सडलेल्या पत्र्याचे तसे नसते. एक तुकडा कापला की त्यामागचा दुसरा गंजलेला सापडतो, तो काढला की तिसरा, आणि कुशल कारागिराचे तास शेकड्यांनी मोजायची वेळ येते. म्हणून इंजिन दमलेले पण पत्रा निरोगी असलेली गाडी मी आनंदाने घेईन. इंजिन नवेकोरे पण पत्रा पोखरलेला असेल, तर ती फुकट मिळाली तरी विचार करीन.

पत्रा म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी एमजीबी ही ब्रिटिश गाडी उदाहरण म्हणून घेऊ, कारण १९६२ ते १९८० या काळात ती पाच लाखांहून अधिक संख्येने बनली आणि पहिली जुनी स्पोर्ट्स कार म्हणून आजही अनेक जण तीच निवडतात. तिला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चासी आहे. वर छत नसल्यामुळे गाडीला मधोमध वाकू न देण्याचे काम मुख्यतः दाराच्या उंबरठ्याखालून जाणाऱ्या पोकळ पेटीवर, म्हणजे सिलवर पडते. ही पेटी बाहेरचा, आतला आणि या दोहोंमधला अशा पत्र्यांच्या थरांची बनलेली असते. पुढच्या मडगार्डमागे साचलेला चिखल ओला राहतो, पाण्याचा निचरा होण्याची छिद्रे बुजतात आणि पेटी आतून सडू लागते. बाहेरून रंगाचा एखादा फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बहुधा संपलेला असतो.

आता याची परीक्षा कशी करायची, ते पाहू. दार बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत पाहावी. ती वर निमुळती आणि खाली रुंद होत असेल, तर गाडी मधोमध खचली असण्याची शक्यता आहे. मग दार अर्धे उघडून त्याचे टोक हलकेच वर उचलावे. फक्त बिजागरी सैल असेल तर ती बदलता येते, पण बिजागरीचा खांबच हलत असेल तर प्रकरण गंभीर आहे. त्यानंतर विक्रेत्याच्या परवानगीने गाडी तिच्या नेमून दिलेल्या जागी जॅकवर उचलावी आणि दाराच्या फटीवर नजर ठेवावी. जॅक चढताना फट मिटू लागली किंवा दार अडकले, तर त्या सांगाड्यात जोर उरलेला नाही. जॅकची जागाच कुरकुरून आत दबली, तर पुढे काही पाहण्याची गरज नाही. विक्रेता जॅक लावू द्यायलाच तयार नसेल, तर त्यातूनही आपल्याला उत्तर मिळालेच.

माझी स्वतःची पहिली गाडी मी तरुणपणी अशीच रंगावर भाळून घेतली होती. ज्याने विकली त्याने सिलवर नवा पत्रा बसवल्याचे सांगितले होते, आणि ते खोटे नव्हते. फक्त तो नवा पत्रा जुन्या सडक्या पत्र्यावरच ठोकला होता आणि मधली पोकळी वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी व पुट्टीने भरून काढली होती. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हाच. तेव्हापासून गाडीखाली नुकताच मारलेला काळाभोर गंजरोधक लेप दिसला की मी अधिक सावध होतो. जुना, धुळीने माखलेला, जागोजागी खरवडलेला तळ मला बरा वाटतो, कारण त्यावर निदान काही झाकलेले नसते.

सोबत न्यायची साधने साधी आहेत: प्रखर विजेरी, लांब दांड्याचा छोटा आरसा, पातळ कापडात गुंडाळलेले लहान चुंबक, अंगावर जुने कपडे आणि भरपूर वेळ. रंगाची जाडी मोजणारे यंत्र मिळाले तर उत्तमच. कारखान्यातून आलेल्या रंगाचा थर साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो. ३०० च्या पुढे आकडा गेला तर गाडी पुन्हा रंगवलेली आहे असे समजावे, आणि १००० च्या घरात गेला तर रंगाखाली पुट्टी आहे हे जवळजवळ नक्की. पुन्हा रंगवलेली असणे हा दोष नव्हे. पन्नास वर्षांच्या गाडीला मूळ रंग असणे हाच अपवाद. प्रश्न असतो तो चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि सिलची टोके या ठिकाणी आकडा अचानक उसळतो का, हा. चुंबक चिकटले नाही म्हणून लगेच घाबरूही नये. सुरुवातीच्या वर्षांतील एमजीबीचे बॉनेट मुळातच अॅल्युमिनियमचे होते. पावसात किंवा नुकतीच धुतलेली गाडी मात्र कधीही पाहू नये, कारण पाण्याच्या थराखाली भिकार रंगही देखणा दिसतो.

प्रत्येक गाडीची सडण्याची जागा वेगळी असते, आणि घर सोडण्याआधी त्या विशिष्ट मॉडेलचा अभ्यास करायचा तो याचसाठी. १९६१ साली आलेल्या जॅग्वार ई-टाइपचे इंजिन ज्या नळ्यांच्या चौकटीवर बसते, ती चौकट मागच्या सांगाड्याला बोल्टने जोडलेली आहे. या नळ्या बारीक असून आतून गंजतात, आणि जोडांपाशी तडे पडतात. तिथे वरून वेल्डिंगचे ठिगळ दिसले, तर चौकट बदलावी लागेल असे धरूनच किंमत बोलावी. दात्सुन २४०झेडमध्ये बॅटरी ठेवण्याची पेटी आणि तिच्याखालचा भाग, तसेच फरशीखालून लांबीच्या दिशेने जाणाऱ्या पट्ट्या आधी पाहाव्यात. पोर्शे ९११ मध्ये १९७६ च्या मॉडेलपासून सांगाड्याला जस्ताचा मुलामा आला, म्हणून त्याआधीच्या गाड्यांत गंजाची भीती बरीच जास्त असते. पण नंतरच्या गाडीचा अपघात होऊन पत्रा बदललेला असेल, तर त्या जागी जस्ताचे संरक्षण उरले आहे असे गृहीत धरता येत नाही.

फायबरग्लासच्या गाड्यांविषयी एक गोड गैरसमज आहे की त्या गंजत नाहीत. वरचे कवच गंजत नाही हे खरे, पण त्याखाली पोलाद असतेच. लोटस एलान ही गाडी मधोमध जाणाऱ्या पोलादी कण्यावर उभी आहे आणि त्या कण्याची पुढची आडवी पेटी हीच तिचे लपणारे दिवे उचलणाऱ्या निर्वात यंत्रणेची टाकी म्हणून वापरलेली आहे. म्हणजे सुरुवातीच्या एलानचे दिवे वर टिकून राहत नसतील, तर गळती एखाद्या रबरी नळीत असेल किंवा खुद्द कण्याच्या पत्र्याला भोक पडले असेल. गाडीने आपल्या आजाराची खूण दिव्यांतून द्यावी, याची मला दर वेळी गंमत वाटते. १९६३ ते १९८२ या काळातील कॉर्वेटमध्ये पुढच्या काचेभोवती आणि दारांच्या खांबांत पोलादी पिंजरा असतो. तो सडलेला असला तरी वरचे फायबर अगदी निरोगी दिसते. फायबरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असतील, तर त्या बहुधा आघाताच्या किंवा ताणाच्या असतात, आणि चुंबक किंवा साधे जाडीमापक यंत्र तिथे निरुपयोगी ठरते.

गंजाइतकाच महत्त्वाचा विषय जुन्या अपघाताचा. बॉनेटखालच्या दोन्ही बाजूंच्या आतल्या पत्र्यांची एकमेकांशी तुलना करावी. एका बाजूचा पत्रा गुळगुळीत आणि दुसरीकडचा किंचित लाटांसारखा असेल, किंवा कारखान्याच्या ठिपक्यांसारख्या वेल्डिंगच्या जागी सलग, ओबडधोबड वेल्डिंग असेल, तर गाडी कधीतरी ठोकलेली आहे. टायर एकाच कडेने झिजलेला असणे हे सैल जोडाचेही लक्षण असू शकते आणि वाकलेल्या सांगाड्याचेही. शंका आली तर चारही चाकांची अंतरे कर्णरेषेत मोजून घ्यावीत.

पत्रा समाधानकारक वाटला, तर कागदांकडे वळावे. सर्व उत्पादकांसाठी सतरा अंकाक्षरांचा समान वाहन ओळख क्रमांक अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची स्वतःची क्रमांकपद्धत होती. म्हणून आपल्या मॉडेलचा चासी क्रमांक कुठे कोरलेला असतो, पट्टी कशी दिसते आणि कोणत्या प्रकारच्या रिबिटांनी बसवलेली असते, हे आधी पाहून जावे. जुन्या पट्टीला चकाकणाऱ्या नव्या रिबिटा असतील, तर त्यामागे निष्पाप कारणही असू शकते, पण ते विचारलेच पाहिजे. गाडीवरचा क्रमांक, नोंदणीच्या कागदावरचा क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक आपण स्वतः, आपल्या डोळ्यांनी जुळवून पाहावेत. अनेक ब्रिटिश गाड्यांच्या बाबतीत इंग्लंडमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या मूळ नोंदींवरून प्रमाणपत्र देते. त्यावरून गाडी कोणत्या रंगाची होती, कोणत्या तारखेला बनली आणि तिच्यात मूळ इंजिन कोणते होते, हे कळते.

मूळ इंजिन नसेल तर गाडी चालवण्यात काही फरक पडत नाही, परंतु किमतीत पडतो. तेव्हा मूळ इंजिनाचा भाव देऊन बदललेले इंजिन घेऊ नये एवढेच. खरी जोखीम असते ती दुर्मीळ उपप्रकारांत. १९७३ च्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ या गाड्या फक्त १,५८० बनल्या, आणि साध्या ९११ ला तिचे रूप देणे अवघड नाही. एसी कोब्राच्या नकला तर मूळ गाड्यांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आहेत. नक्कल म्हणून विकलेली नक्कल ही प्रामाणिक वस्तू असते. अस्सल म्हणून दाखवलेल्या गाडीसाठी मात्र त्या मॉडेलच्या जाणकाराची लेखी साक्ष घेतल्याशिवाय इसारही देऊ नये.

नूतनीकरणाच्या दाव्याला पुरावा म्हणजे छायाचित्रे. ज्याने खरोखर गाडी उघडी करून काम केले, त्याच्याजवळ उघड्या पत्र्याची, कापलेल्या सिलची, नव्या तुकड्यांच्या वेल्डिंगची चित्रे असतातच, आणि ती दाखवण्याची त्याला हौसही असते. पावत्या नीट वाचाव्यात. त्यांत रंग, चामडे आणि क्रोमचाच खर्च असेल आणि पत्र्याच्या तुकड्यांची एकही पावती नसेल, तर काम कुठवर गेले होते ते आपोआप कळते. किलोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नये, कारण यांतल्या बऱ्याच मीटरांना पाचच घरे असतात आणि ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येतात. त्याऐवजी ब्रेकच्या पायपट्टीचे रबर, सुकाणूचे चाक आणि चालकाच्या आसनाची कड किती झिजली आहे ते पाहावे. गाडीवर कर्ज, थकलेला कर किंवा आयातीची अडचण नाही ना, याची चौकशी नोंदणी कार्यालयात आपण स्वतः करावी. याबाबतचे नियम प्रत्येक देशात वेगळे असल्यामुळे विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनाला इथे काही अर्थ नाही.

आता इंजिन. पाहायला जाताना गाडी थंड ठेवायला सांगावे आणि पोहोचल्याबरोबर बॉनेटवर, शक्य असल्यास इंजिनाच्या ठोकळ्यावर हात ठेवून पाहावा. ती आधीच गरम असेल, तर थंड इंजिनाची एखादी तक्रार लपवली जात असण्याचा संभव आहे. सुरू करताना कोणी तरी मागे उभे राहून धूर पाहावा. सुरुवातीचा क्षणभराचा निळसर झोत व्हॉल्व्हच्या सीलमधून झिरपलेल्या ऑइलचा असतो आणि तो फारसा भीतिदायक नाही. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा धूर आला तर व्हॉल्व्हची गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यांतून सरकते त्या नळ्या, झिजली आहेत; चढावर जोर लावताना तो सतत येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जात आहे, आणि ते बहुधा कार्ब्युरेटर जुळवून सुधारते. इंजिन गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट सिलिंडरमध्ये जात आहे. ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरट थर दिसला की लोक लगेच हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरचे झाकण (हेड) यांमधली चकती, गेले म्हणतात. पण थंड हवेत जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही साचतो. म्हणून रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का आणि कूलंटवर ऑइलचा तवंग आहे का, हे पाहून मगच निदान करावे.

ऑइलचा दाब इंजिन पूर्ण तापल्यावरच वाचावा, कारण थंड ऑइल घट्ट असते आणि बेअरिंगची झीजही त्यात लपते. एमजीबीच्या इंजिनासाठी कारखान्याचे आकडे धावताना ५० ते ८० आणि मंद गतीवर १० ते २५ पौंड प्रति चौरस इंच असे आहेत. आपल्या गाडीचे आकडे तिच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून काढून न्यावेत. त्यानंतर सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब, मोजून घ्यावे. यात प्रत्यक्ष आकड्यापेक्षा त्यांच्यातला समानपणा महत्त्वाचा, आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी आकड्यांत १० टक्क्यांहून अधिक तफावत नसावी. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा.

इथे माझ्या ‘आधी पत्रा’ या नियमाला एक अपवाद नोंदवायला हवा. पोर्शे ९११ चे हवेने थंड होणारे सहा सिलिंडरचे इंजिन, फेरारीचे आठ किंवा बारा सिलिंडरचे इंजिन, अशा गाड्यांत इंजिनाचे काम पत्र्याच्या कामाइतकेच महाग पडते, म्हणून तिथे दोन्ही तपासण्या सारख्याच कसून कराव्यात. ९११ चे ऑइल गाडी सपाट जागी, इंजिन गरम आणि चालू असतानाच मोजायचे असते. ज्या विक्रेत्याला हे ठाऊक नाही, त्याने आजवर ऑइल किती आणि कसे भरले असेल याचा विचार करावा. १९७४ ते १९७७ च्या २.७ लिटर इंजिनांत मॅग्नेशियमच्या आवरणातून हेडचे स्टड, म्हणजे हेड आवळून धरणारे लांब बोल्ट, उपटून येण्याची तक्रार प्रसिद्ध आहे, आणि १९८४ पूर्वीच्या इंजिनांत टायमिंग चेनचा (व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणाऱ्या साखळीचा) ताण धरणारे भाग सुधारित बसवले आहेत की नाहीत हे विचारावे, कारण १९८४ पासून ते ऑइलच्या दाबावर चालणारे आले. फेरारी ३०८ सारख्या गाडीत चेनऐवजी पट्टा आहे, आणि तो किलोमीटर कमी झाले तरी वर्षांच्या हिशोबाने बदलावा लागतो. ‘गाडी चाललीच नाही, म्हणून बदलला नाही’ हे उत्तर ऐकले, तर तो खर्च किमतीतून वजा करावा.

पेट्रोलविषयी दोन गोष्टी. या गाड्यांच्या काळात पेट्रोलमध्ये शिसे असे आणि ते एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला संरक्षण देई. लोखंडी हेड असलेल्या इंजिनात कठीण पोलादाच्या नव्या बैठका बसवलेल्या आहेत का, हे विचारावे. नसतील तरी सावकाश चालवणाऱ्याने धास्ती घेण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट मात्र धोक्याची आहे. आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबरी नळ्यांना मऊ करते आणि चिरा पाडते, आणि गरम इंजिनावर ठिबकणारे पेट्रोल म्हणजे आगच. नळ्या दोन बोटांत दाबून, वाकवून पाहाव्यात.

गिअरबॉक्स, क्लच आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारी दात्यांची पेटी) यांची तपासणी रस्त्यावरच होते. प्रत्येक गिअर चढताना आणि उतरताना टाकून पाहावा. अल्फा रोमिओ स्पायडरमध्ये दुसऱ्या गिअरचा सिंक्रो, म्हणजे गिअर न खडखडता पडू देणारा भाग, कमजोर असणे ही जुनी ओळखीची तक्रार आहे, तेव्हा थंड असताना तिसऱ्यातून दुसऱ्यात पटकन येऊन पाहावे. अॅक्सिलरेटर सोडता-दाबताना मागून ठक् असा आवाज आला तर युनिव्हर्सल जॉइंट (मागे जोर नेणाऱ्या दांड्याचा सांधा) किंवा डिफरन्शियल झिजले आहे. तारांच्या स्पोकची चाके असतील, तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि गाडी पुढेमागे हलवावी. चाकातून खट्ट आवाज आला तर हबवरच्या खाचा झिजल्या आहेत, आणि त्या फक्त बदलता येतात. स्पोकवर पान्याने हलके टिचकावे: घट्ट स्पोक किणकिणतो, सैल स्पोक मुका राहतो. एमजीबीच्या पुढच्या किंगपिनना, म्हणजे ज्या खुंट्यांवर पुढची चाके वळतात त्यांना, दर ५,००० किलोमीटरला ग्रीस लागते, आणि ते वर्षानुवर्षे न मिळाल्याच्या खुणा मी दर तिसऱ्या गाडीत पाहतो. चाक उचलून वर-खाली धरून हलवले की ढिलाई हाताला कळते.

ब्रेक कितीही चांगले वाटले तरी ब्रेक ऑइल केव्हा बदलले ते विचारावे, कारण ते हवेतली ओल शोषते, तापल्यावर उकळते आणि आतून सिलिंडरांना गंज चढवते. टायरवरचे चार अंक वाचावेत. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष सांगतात. तीनच अंक असतील तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे, मग त्याची नक्षी कितीही नवी दिसो.

विजेच्या जोडणीविषयी ब्रिटिश गाड्यांची इतकी थट्टा झाली आहे की त्यांचे विजेचे भाग बनवणाऱ्या लुकास कंपनीला ‘अंधाराचा राजपुत्र’ असे नाव पडले. पण माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक बिघाड गंजलेल्या अर्थिंगचे आणि कोणी तरी मागाहून जोडलेल्या वायरींचे निघतात. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असे, तेव्हा रेडिओ किंवा चार्जर लावण्यापूर्वी ते पाहावे. टप फाटलेला असणे, गालिचा कुजकट असणे, घड्याळ बंद असणे या किरकोळ बाबी आहेत. फक्त गालिचा ओला असेल तर तो उचलून खालची फरशी बघावी. क्रोमच्या पट्ट्या, काचांच्या चौकटी, दाराच्या मुठी असे छोटे मूळ भाग गायब असतील तर मात्र हलक्यात घेऊ नये. काही मॉडेलांत ते इंजिनापेक्षा दुर्मीळ झाले आहेत. याच्या उलट एमजीबीसाठी १९८८ पासून मूळ साच्यांवर बनवलेले संपूर्ण नवे सांगाडेही मिळू लागले. गाडी निवडताना सुटे भाग मिळतात की नाही, हा प्रश्न तिच्या रूपाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि त्याचे सर्वांत खरे उत्तर त्या मॉडेलच्या मालकांच्या क्लबमध्ये मिळते.

दहा वर्षे गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या, कमी चाललेल्या गाडीचे लोकांना फार आकर्षण असते. मला नाही. उभ्या गाडीत सील सुकतात, ब्रेकचे पिस्टन अडकतात, टाकीत पेट्रोलची वार्निशसारखी राळ होते आणि सिलिंडरच्या भिंतींवर गंज धरतो. दर आठवड्याला चालणारी आणि तक्रारी दुरुस्त होत आलेली गाडी वयाने थकलेली दिसली, तरी ती रस्त्यावर जास्त विश्वासू निघते.

आता आपण पाहिलेल्या गाडीविषयी. विक्रेत्याला तीन गोष्टी मागाव्यात: सिलच्या कामाची छायाचित्रे, थंड इंजिन सुरू करून दाखवणे, आणि गाडी एका स्वतंत्र मेकॅनिकच्या लिफ्टवर एक तास ठेवू देणे. मेकॅनिक आपण निवडलेला असावा, विक्रेत्याच्या ओळखीचा नव्हे. फेरी निदान अर्ध्या तासाची असावी, कारण तापमानाचा काटा आणि ऑइलचा दाब पंधरा मिनिटांनंतरच खरे बोलू लागतात; आणि तिच्या शेवटी गाडी बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करून पाहावी, म्हणजे गरम इंजिनाची कुरकूरही कळेल. सापडलेला प्रत्येक दोष कागदावर लिहून त्यापुढे दुरुस्तीचा अंदाज मांडावा आणि तो कागद विक्रेत्यापुढे शांतपणे ठेवावा. चांगला माणूस त्यावर बोलायला बसतो.

सौदा ठरला तर गाडीबरोबरच्या खोक्यांविषयी विसरू नका. जुन्या मालकांकडे काढून ठेवलेला मूळ कार्ब्युरेटर, जुनी आरसे-बटणे, चाव्यांचा जुडगा, मॅन्युअल आणि टपाच्या काड्या अशा वस्तू कोपऱ्यात पडलेल्या असतात. त्यांची यादी करून ती विक्रीच्या कागदाला जोडून घ्या, कारण महिनाभराने त्या मागायला गेलात तर त्या सापडत नाहीत. घरी आणल्यावर लांबचा प्रवास करण्याआधी इंजिनाचे व गिअरबॉक्सचे ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, पेट्रोलच्या व पाण्याच्या सर्व रबरी नळ्या आणि वय झालेले टायर, ते कालच बदलल्याचे सांगितले गेले असले तरी, बदलून टाका, आणि काढलेले ऑइल पांढऱ्या भांड्यात ओतून त्यात धातूचा कीस चमकतो का ते उन्हात धरून पाहा.